नावेंतील शेगडी

विद्यार्थिमित्रहो, या लेखाचें नांव वाचून तुमच्यापैकीं कित्येकांस नवल वाटेल. बाळापूर हें कांहीं बंदर नव्हे. आपला किल्ला मन व म्हैस या नद्यांच्या संगमावर उभा आहे खरा. परंतु तेथें नावेंत बसून स्वयंपाक करणारा मनुष्य कोणी पाहिला आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. मग नाव कोठली, तींत शेगडी कोठली, आणि तिचा आपल्याशीं संबंध काय? वाचकांनीं थोडा धीर धरावा. नावेचें निमित्त करून आम्ही जी गोष्ट सांगूं इच्छितों, ती वऱ्हाडांतील प्रत्येक शेताशीं आणि प्रत्येक घराशीं संबंध असलेली आहे. व ती ठाऊक नसल्यामुळें हिवाळ्यांत माणसें निजलेल्या जागींच प्राणास मुकतात.

उत्तर अमेरिकेंत हिवाळ्याच्या तोंडीं बदकांची शिकार करण्याचा प्रघात आहे. शिकारी सपाट बुडाची एक लहान नाव घेतो, तिच्यावर कांबींचा सांगाडा उभारतो, आणि त्या सांगाड्यावर कापड, लव्हाळें व वाळलेलें गवत असें कांहीं चढवितो, कीं दुरून ती नाव पाणथळींतील झुडूपच भासावी. यास आपण लपण म्हणूं. पहांट होण्यापूर्वींच शिकारी त्यांत जाऊन बसतो. बदकाची दृष्टि मोठी तीक्ष्ण. म्हणून त्यास हालतां येत नाहीं, उठतां येत नाहीं. भोंवतीं पाणी, कित्येकदां त्यावर बर्फाची साय, आणि अंगावरून वाहणारा बोचरा वारा. चालणाऱ्या माणसास थंडी जितकी बाधते, त्याहून बसून राहणाऱ्यास ती कितीतरी अधिक बाधते. अर्थात् तो मनुष्य त्या लपणांत एक लहानशी वायूची शेगडी पेटवितो. हात शेकतो, कॉफी उकळतो, अंडीं तळतो. त्या शेगडीस जो वायु लागतो त्याचें नांव प्रोपेन.

आपल्या देशांतहि एके काळीं अशा शिकारीचें मोठें स्तोम होतें. राजपुतान्यांतील भरतपूर येथें ता. १२ नोव्हेंबर १९३८ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारींत एका दिवसांत ४,२७३ पक्षी मारले गेले. तो काळ गेला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व १९९१ च्या दुरुस्तीनें रानांतील पक्ष्यांची शिकार बंद झाली. भरतपूरचें तें तळें १९८२ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. आपल्या अकोला जिल्ह्यांत काटेपूर्णा जलाशयावर हिवाळ्यांत चक्रवाक व इतर बदकें उतरतात, तीं आतां केवळ डोळे भरून पाहावयाचीं, हें आपलें भाग्यच होय.

परंतु लपण मात्र आपल्या शेतांतून अद्याप आहे. हरभरा घाट्यांवर आला कीं रानडुकरें व रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठीं शेतकरी जागलीस जातो. पुष्कळांस ओलितासाठीं वीज रात्रींच मिळते, म्हणून गव्हास पाणी देण्याकरितां रात्र शेतांत काढावी लागते. पौषांतील रात्रीं पारा कधीं कधीं दहा अंशांच्या खालीं उतरतो. तेव्हां तो शेतकरी पऱ्हाट्या व तुराट्या यांची खोपी करतो, वारा लागूं नये म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणून चारी बाजूंनीं मातीनें दाबतो, आणि आंत निखाऱ्यांची शेगडी, किंवा आतांशा पांच किलोंच्या लहान सिलिंडरावरील चूल ठेवितो. अमेरिकेंतील शिकाऱ्याची नाव आणि वऱ्हाडांतील शेतकऱ्याची खोपी यांत मग भेद तो काय उरला? दोन्हीकडे जागा लहान, मनुष्य स्थिर, बाहेर थंडी आणि आंत अग्नि. म्हणून एकीचें शास्त्र समजलें कीं दुसरीचेंहि समजलेंच.

प्रथम या वायूची ओळख करून घेऊं. प्रोपेनच्या एका अणुसमूहांत कार्बनाचे ३ व हायड्रोजनचे ८ परमाणु असतात. अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग यानें १९१० सालीं पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफेंत हा वायु ओळखला. दाब दिला असतां तो द्रवरूप होतो व थोड्या जागेंत पुष्कळ मावतो. एक लिटर द्रव मोकळा सुटला तर त्याचा अडीचशे लिटरांहून अधिक वायु होतो. आपल्या घरीं येणाऱ्या सिलिंडरांत प्रोपेन व त्याचा थोरला भाऊ ब्यूटेन यांचें मिश्रण असतें. इंडेनची पहिली जोडणी १९६५ सालीं कलकत्त्यास दिली गेली. १ मे २०१६ रोजीं उत्तर प्रदेशांतील बलिया येथें उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला, आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या गोवऱ्या व पऱ्हाट्या जळत होत्या तेथेंहि हा वायु पोहोंचला. आयाबहिणींच्या डोळ्यांतील धूर त्यानें पुसला, हा त्याचा मोठा उपकार होय. त्याची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं.

नावेंत ब्यूटेनऐवजीं प्रोपेनच कां वापरतात, याचें कारण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सिलिंडरांतील द्रवाची वाफ झाल्याशिवाय ज्योत जळत नाहीं. ब्यूटेन सुमारें शून्य अंशावर उकळतो. म्हणून बर्फाळ पाण्यांत त्याची वाफच होत नाहीं. प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांवर उकळतो, म्हणून तो कडक थंडींतहि जळतो. तसेंच, वाफ होतांना द्रव आपली उष्णता सिलिंडराच्या पत्र्यापासून घेतो. म्हणून मोठी ज्योत फार वेळ चालविली कीं सिलिंडर गार पडतो, त्यावर दंव जमतें, आणि ज्योत मंदावते. अशा वेळीं कित्येक लोक सिलिंडरास विस्तवाजवळ नेतात किंवा उकळत्या पाण्यांत ठेवितात. असें कदापि करूं नये. दाब किती वाढेल याचा नेम नसतो. सिलिंडर आडवा करणेंहि तितकेंच वाईट. कारण मग नळींत वाफेऐवजीं द्रव शिरतो आणि ज्योत एकाएकीं भडकते.

आतां जळण्याकडे वळूं. अग्नि हा एक प्रकारें प्राणीच आहे, कारण त्यासहि श्वास लागतो. एक किलो प्रोपेन पूर्णपणें जळण्यास ३.६४ किलो ऑक्सिजन लागतो. त्यापासून ३ किलो कार्बन डायऑक्साइड व १.६४ किलो पाणी वाफेच्या रूपानें तयार होतें. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं दोन्ही बाजूंची बेरीज करून पाहावी: इकडे ४.६४, तिकडेहि ४.६४. निसर्गाच्या जमाखर्चांत एक गुंजहि हरवत नाहीं. प्लॅस्टिकनें झांकलेल्या खोपींत वायूची शेगडी लावली असतां सकाळीं कागदावरून पाण्याचे थेंब कां गळतात, अंगावरची गोधडी दमट कां होते, याचें उत्तर या बेरजेंतच आहे.

एक उदाहरण सोडवूं या. खोपीची लांबी २ मीटर, रुंदी दीड मीटर व उंची दीड मीटर धरा. म्हणजे आंत ४.५ घनमीटर हवा झाली. तिचें वजन सुमारें ५.४ किलो, पैकीं ऑक्सिजन सुमारें सव्वा किलो. एक किलो प्रोपेन जळून सुमारें ४६ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक किलोवॅटची शेगडी तासाला ३.६ मेगाज्यूल उष्णता देते. म्हणजे ती तासाला सुमारें ८० ग्रॅम वायु जाळील. त्यास ऑक्सिजन लागेल २९० ग्रॅम. हवा आंतबाहेर मुळींच जात नाहीं असें धरलें, तर एका तासांत खोपींतील ऑक्सिजनचा जवळजवळ चौथा हिस्सा संपला. ज्या हवेंत शंभर भागांपैकीं २१ भाग ऑक्सिजन असतो, तींत तो सोळा-सतरा भागच उरला. आणि कार्बन डायऑक्साइड, जो नाममात्र होता, तो तीन भागांच्या आसपास आला. यांत आंतील माणसाच्या श्वासाचा हिशेब आम्हीं धरलाच नाहीं. बाजारांत मिळणाऱ्या कित्येक शेगड्या याच्या दुप्पट उष्णता देतात. खोपीस फटी असतात म्हणून सर्व गणित तंतोतंत असें घडत नाहीं. परंतु शेतकरी थंडीस भिऊन एकेक फट बुजवीत जातो, तसतसा तो या गणिताच्या जवळ जात असतो.

येथून पुढें खरें संकट सुरू होतें. ऑक्सिजन पुरेसा असतां ज्योत निळी व स्थिर असते. तो कमी पडला कीं इंधन अर्धवट जळतें, आणि कार्बन डायऑक्साइडच्या जागीं कार्बन मोनॉक्साइड नांवाचा दुसरा वायु निर्माण होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. डोळ्यांस तो झोंबत नाहीं, घशास खवखवत नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन हें ऑक्सिजन वाहून नेणारा हमाल आहे. फ्रान्समधील क्लोद बर्नार यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिलें, कीं हा वायु रक्तांतील ऑक्सिजनची जागा बळकावतो. हिमोग्लोबिनला त्याची ओढ ऑक्सिजनपेक्षां दोनशेंहून अधिक पट असते. म्हणजे हमालाच्या डोक्यावर विषाची गोणी एकदां चढली कीं ती सहजासहजीं उतरत नाहीं, आणि मेंदु व हृदय उपाशीं राहतात.

त्याची मात्रा किती थोडी पुरते पाहा. हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे २०० भाग असले, तर दोन-तीन तासांत डोकें दुखूं लागतें. १,६०० भाग असले, तर वीस मिनिटांतच डोकेदुखी, चक्कर व मळमळ होते, आणि दोन तासांच्या आंत मृत्यु येऊं शकतो. यांतील क्रूरपणा असा, कीं हें विष प्रथम विचारशक्तीवरच घाला घालतें. मनुष्यास गुंगी येते. ती थंडीच्या रात्रीच्या गोड झोंपेसारखीच भासते. पाय लटके पडतात. आणि दार हाताच्या अंतरावर असतांहि उठावें असें सुचत नाहीं. जो आधींच निजला आहे त्यास तर कसलाच इशारा मिळत नाहीं.

ब्रिटनमधील शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यानें १८९५ च्या सुमारास या विषाचे प्रयोग स्वतःच्या देहावर केले, आणि कोळशाच्या खाणींत लहान प्राणी सोबत न्यावेत असें सुचविलें. त्यावरून खाणींतून पिंजऱ्यांत कॅनरी पक्षी नेण्याची चाल पडली. लहान पक्ष्याचा श्वास जलद, म्हणून विष त्यास आधीं बाधतें; पक्षी कोसळला कीं मजूर बाहेर धांवत. ब्रिटिश खाणींतून १९८६ सालीं हे पक्षी काढून त्यांच्या जागीं यंत्रें ठेवण्याचें ठरलें. आतां हातावर मावेल एवढें, बॅटरीवर चालणारें सूचक यंत्र मिळतें. विषारी वायु वाढला कीं तें मोठ्यानें वाजतें. नावेंत शेगडी नेणाऱ्यानें तें बरोबर ठेवावेंच. चांगल्या प्रतीच्या फिरत्या शेगडींत आणखी दोन सोयी असतात: हवेंतील ऑक्सिजन सुमारें १८ टक्क्यांपर्यंत उतरला कीं ती आपोआप विझते, आणि कलंडली तरीहि विझते. स्वयंपाकाच्या साध्या चुलीस यांपैकीं कांहींच नसतें. म्हणून चूल ही अन्न शिजविण्यापुरती. ती ऊब घेण्यासाठीं जळत ठेवणें हें तिच्या धर्माविरुद्ध आहे.

दुसरें संकट गळतीचें. प्रोपेन हवेच्या सुमारें दीडपट व ब्यूटेन दुप्पट जड असतो. तो वर उडून जात नाहीं. पाण्याप्रमाणें खालीं वाहतो आणि खोलगट जागा शोधतो. खोपीच्या दाराखालून तो कदाचित् बाहेर पडेल; पण नाव म्हणजे पाणी आंत येऊं नये म्हणून केलेलें निश्छिद्र भांडें. जें पाण्यास आंत येऊं देत नाहीं, तें वायूस बाहेर कसें जाऊं देईल? शंभर भाग हवेंत दोन ते साडेनऊ भाग प्रोपेन मिसळला कीं तें मिश्रण ठिणगीनें भडकतें. नावेच्या तळाची पोकळी एक घनमीटर धरली, तर ३५-४० ग्रॅम वायु गळला तरी पुरे. मग बिडी, बॅटरीची तार, इंजिनाची ठिणगी, कांहींहि निमित्त होतें. याच कारणास्तव, बोटीवर सिलिंडर उघड्या फळीवर, वारा खेळेल अशा जागीं ठेवावा, तळघरांत ठेवूं नये, असा शहाण्यांचा दंडक आहे. या वायूस मुळांत वास नसतो. आपणांस कळावें म्हणून त्यांत मर्कॅप्टन नांवाचें दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. ती दुर्गंधी म्हणजे पहारेकऱ्याची हांक होय. ती ऐकून जो कूस बदलून निजतो त्याचें रक्षण कोण करणार?

आतां नावेंत किंवा खोपींत अन्न शिजवावयाचेंच झालें, तर तें कसें शिजवावें, हें सांगतों. शक्य असेल तर चूल बाहेर, जमिनीवरच मांडावी. आंतच मांडणें भाग पडल्यास एक बाजू पुरती उघडावी. आणि विरुद्ध बाजूस जमिनीलगत व छताजवळ अशा दोन वाटा ठेवाव्या: खालची ताज्या हवेस व गळलेल्या वायूस, वरची तापलेल्या वाफेस. चूल सपाट, पक्क्या फळीवर असावी. भोंवतालचें गवत, कडबा, कापड व प्लॅस्टिक हीं सर्व चांगलीं हातभर दूर असावीं. लपण हें मुळांतच वाळलेल्या गवताचें, हें विसरूं नये. नळी व रेग्युलेटर यांच्या सांध्यांस साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात कीं काय तें पाहावें. काडी ओढून गळती शोधणें म्हणजे सापाचें बीळ हातानें चांचपणें होय. आधीं काडी पेटवावी, मग वायु सोडावा. ज्योत पिंवळी झाली किंवा भांड्याच्या बुडास काजळी धरूं लागली, तर समजावें कीं हवा अपुरी आहे किंवा चुलीचें तोंड घाण झालें आहे, तत्काळ विझवावी. ज्योत वाऱ्यानें विझली, तर प्रथम वायु बंद करावा, सर्व पडदे वर करावे, वास पूर्ण जाईपर्यंत थांबावें, आणि मगच पुन्हां पेटवावी. काम संपतांच सिलिंडराची चावी बंद करावी. आणि सर्वांत मोठा नियम हा, कीं जळती शेगडी आंत ठेवून कोणीहि निजूं नये. अर्धा तासहि नाहीं.

थंडीचें काय, असें तुम्ही विचाराल. थंडी हवेंतून घालविण्यापेक्षां अंगाजवळ अडविणें स्वस्त व निर्धोक आहे. अंगांत एका जाड कपड्याऐवजीं दोन-तीन पातळ कपडे, वर घोंगडें, डोक्यास व कानांस मफलर, बुडाखालीं कडब्याची किंवा पोत्याची जाड बैठक. कारण जमीन अंगांतील ऊब शोषून घेते. घट्ट झांकणाच्या बाटलींत गरम पाणी भरून ती फडक्यांत गुंडाळून पोटाशीं धरावी. बाहेरच्या आगटीवर तापविलेली वीट पोत्यांत गुंडाळून पायांशीं ठेवावी. घरून गरम भाकर व पिठलें फडक्यांत बांधून न्यावें. यांतील एकहि साधन ऑक्सिजन खात नाहीं.

पालकवर्गास येथें आमची कांहीं स्वतंत्र विनंति आहे. नाव तुमच्या घरीं नाहीं. पण लपणें आहेत. बाळंतिणीच्या खोलीचीं दारेंखिडक्या वारा लागूं नये म्हणून बंद करून बाजेखालीं निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. शेगडीवर ओवा व शेपा टाकतात, त्याचा सुवास सर्वांस आवडतो. पण त्या सुवासाखालीं बिनवासाचा वायुहि असतो. निखारा धूर करीत नाहीं, म्हणून तो निरुपद्रवी, अशी समजूत सर्वत्र आहे. ती अगदीं उलटी आहे. धुमसणारा निखारा कार्बन मोनॉक्साइड फार मोठ्या प्रमाणांत सोडतो, आणि धूर नसल्यामुळें कोणी दार उघडीत नाहीं. ज्या बाळाच्या आगमनाचा आनंद घरांत मावत नाहीं, त्याच्या इवल्याशा फुप्फुसांस आपण कोणती हवा देतों? शेक द्यावयाचाच तर दार उघडें ठेवून द्यावा, कोणी जागें असावें, आणि शेक संपतांच शेगडी अंगणांत न्यावी. हीच गोष्ट न्हाणीघरांतील वायूच्या बंबाची. लहान न्हाणी, खिडकी बंद, आणि आंत ज्योत जळत आहे; हें आमचें वरील गणितच होय. तो बंब न्हाणीच्या बाहेर बसवावा. विजेच्या अभावीं चालविण्याचें जनरेटरहि घराच्या किंवा दुकानाच्या आंत ठेवूं नये.

आणि दैवयोगानें कोठें असा प्रसंग ओढवलाच, तर काय करावें? एकाच खोलींतील दोघांतिघांचें डोकें एकदम दुखूं लागलें, ओकाऱ्या येऊं लागल्या, आणि बाहेर येतांच बरें वाटलें, तर अपचन न समजतां विषारी वायु समजावा. कोणी बेशुद्ध आढळला, तर दार उघडून, आपला श्वास रोखून त्यास ओढून मोकळ्या हवेंत आणावें, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. श्वास चालत नसेल व ज्यास शिक्षण मिळालें असेल त्यानें कृत्रिम श्वासोच्छ्वास व छातीवर दाब देण्याचे उपचार सुरू करावे. दवाखान्यांत नेल्यावर आंत विस्तव जळत होता ही गोष्ट डॉक्टरांस आवर्जून सांगावी. कारण बोटास लावण्याचें साधें यंत्र विषारी वायु चढलेल्या रक्तासहि चांगलेंच रक्त समजतें, व आंकडा निर्दोष दाखवितें. शुद्ध ऑक्सिजन नाकातोंडावाटे दिला, तर साध्या हवेंत जें विष अर्धें उतरण्यास चार-पांच तास लागतात, तें सुमारें दीड तासांत अर्धें उतरतें. घरीं वायूची गळती झाली, तर विजेचें बटण न दाबतां, दारेंखिडक्या उघडून बाहेर यावें आणि १९०६ या क्रमांकावर कळवावें.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस योहानाच्या शुभवर्तमानांतील दोन विस्तव आठवत असतील. अठराव्या अध्यायांत थंडीच्या रात्रीं चाकरमाणसें कोळशाचा विस्तव करून शेकत उभीं आहेत, आणि पेत्रहि त्यांच्यांत आहे. तो विस्तव वाड्याच्या अंगणांत आहे. एकविसाव्या अध्यायांत रात्रभर सरोवरावर श्रमलेले शिष्य पहांटेस परत येतात, तों त्यांच्यासाठीं मासळी व भाकर तयार आहे. तो विस्तव नावेंत नाहीं, तर किनाऱ्यावर आहे. त्या वचनांचा मुख्य अर्थ अर्थात् याहून फार खोल आहे. परंतु ज्या लोकांचा नित्याचा व्यवहार विस्तवाशीं होता, त्यांनीं तो मोकळ्या हवेंत मांडला, एवढें पाहून घेण्यास कांहीं हरकत नाहीं.

अग्नि ही देवाची देणगी आहे, आणि हवाहि. मनुष्यानें एक घेतांना दुसरीचें दार लावूं नये, एवढेंच या सर्व शास्त्राचें सार. मुलांनो, या हिवाळ्यांत तुमचे वडील किंवा थोरले बंधु घोंगडें खांद्यावर टाकून जागलीस निघतील, तेव्हां त्यांस दाराशीं थांबवून एवढेंच विचारा: "शेगडी कोठें ठेवणार?" आणि त्यांनीं "खोपीबाहेर" असें उत्तर दिल्याशिवाय त्यांस जाऊं देऊं नका. शाळेंत शिकलेलें रसायनशास्त्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेंत उतरलें म्हणजे गुण मिळतात; तें शेताच्या बांधापर्यंत पोहोंचलें म्हणजे सकाळीं माणूस घरीं परत येतो.